टाकीचं दुसरं टोक

बायको गेली आणि आमची जुनी गाडी, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, वर्षभर अंगणातच उभी राहिली. आतलं पेट्रोल नासलं, टाकीला गंज चढला, तळाला बारीक भोकं पडली. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, भंगारात द्या आता.” भंगारात काय काय द्यायचं ते मी ठरवीन, असं म्हणून मी फोन ठेवला. मग बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसलो.

गाडी ओढून गॅरेजात नेली. तिथं मेकॅनिकनं टाकी उतरवून माझ्यापुढं ठेवली. नवी मिळत नाही म्हणाला. आहे तीच साफ करून भोकं बुजवायला कथलाचा डाग द्यायचा. त्यासाठी आत खडी आणि साबणाचं पाणी घालायचं, तोंड बंद करायचं आणि दोघांनी दोन टोकं धरून गंज सुटेपर्यंत हलवत राहायचं.

“माझा माणूस गावाकडं, केमला गेलाय, बहिणीचं लगीन हाय. एका बाजूला मी हाय की. उद्या घरातलं कुणीतरी धाडा, काका.”

“धाडतो,” मी ऐटीत सांगून आलो. आमच्या गावातल्या नवी पेठेच्या बाजारातून परतताना मनात एकेक माणूस आठवत होतो. शेजाऱ्याची कंबर धरलेली. जुना मित्र मुलाकडे राहायला गेलेला. त्या गर्दीत इतक्या जणांचे धक्के लागले, पण जरा टाकी धरायला ये, असं म्हणावं असा एकही नव्हता.

घरी येऊन वाळलेली चादर काढली. बायको असताना दोन टोकं ती धरायची, दोन मी. आता मी एक कड हनुवटीखाली दाबून घडी घालतो, ती वाकडीच होते. त्या संध्याकाळी फार एकटं वाटलं. कुणावर तरी चिडावं म्हटलं, तर चिडायलाही घरात कुणी नव्हतं.

सकाळी मीच गेलो. मेकॅनिक माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिला.

“कुणी आलं न्हाय व्हय?”

“घरी कुणी नाही.” बाहेरच्या माणसापुढं हे मी पहिल्यांदाच बोललो.

“मग तुमीच धरा. लई जड हाय, दमला तर सांगा.”

खडी आत खळाखळा वाजू लागली. तो ओढी तेव्हा मी सैल सोडी, मी ओढी तेव्हा तो. हळूहळू हात जमले. पाणी बदललं, पुन्हा हलवलं. दंड भरून आले, शर्ट भिजला. शेवटी त्यानं टाकी कलती केली, तर पाणी स्वच्छ आलं.

“झालं, काका. ठेवा खाली.”

मी माझं टोक सोडलं नाही. म्हटलं, “अजून थोडं हलवू या की.”