करंज तेलाचे साहेब

पापडी गावात आमच्या वाडीत करंज तेल विकायला येणारे साहेब मातीला हात लावत नाहीत. मोगऱ्याची मुळं खाणारी अळीसुद्धा बुटाच्या टोकाने दाखवतात. ती मारायला त्यांनी पिंपातल्या पाण्यात नुसतंच तेल ओतलं, तेव्हा मी हळूच विचारलं, "साबण नको?"

"वहिनी, झाडांना आंघोळ घालायचीय का?" ते हसले.

तेल वरच तरंगलं. खालच्या तोटीतून आधीच्या रोपांना नुसतं पाणीच मिळालं, शेवटची चार तेलाने करपली.

"बघा, कसलं पॉवरफुल!"

उरलेलं तेल मी रिठ्याच्या फेसाळ पाण्यात घुसळून घातलं. मोगरा वाचला. आता साहेब गिऱ्हाइकांना तोच दाखवायला आणतात.  गिऱ्हाइकं निघताना मी प्रत्येकाच्या हातात मूठभर रिठे ठेवते.