कंदुरीचं मटण घरी आणलं म्हणून

मला सातव्या वर्षापासून फिट येतात. आमचं गाव मुखेडजवळ. तिथं या आजारावर सगळ्यांकडे इलाज होता. कुणी चप्पल हुंगवायचं, कुणी कांदा फोडून नाकाला लावायचं. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून पाहिल्या, पण फिट काही बधल्या नाहीत. बारावीनंतर आणखी एक नवी गोळी सुरू झाली आणि फिट थांबल्या.

"थांबल्यात. गेल्या असं समजू नका," डॉक्टर म्हणाले. हे आईबापाच्या देखत म्हणाले, पण ऐकलं मी एकटीनंच.

कारण त्याच सुमारास मायनं दर्ग्याला नवस बोलला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. बोकड कापलं, दर्ग्यापाशीच नवसाची कंदुरी झाली, गाव जेवलं. रोज गोळ्या गिळणारी मी, आणि श्रेय बोकडाला!

तरी त्या कंदुरीचा मला राग नाही. तिच्यामुळेच मला लातूरला जाऊ दिलं. तिथं डिग्री करता करता मी शिकवणीत गणित शिकवलं, खोली घेऊन एकटी राहिले. आंघोळीला आतून कडी लावता येणं हे केवढं सुख असतं, ते रोज लावणाऱ्यांना कळायचं नाही.

शेवटच्या वर्षी मुलांसमोरच पडले, हातात खडू होता. डॉक्टर म्हणाले, "या आजारात असं होतं. गोळी काही काळ लागू पडते, मग पडेनाशी होते. कुणाची चूक नाही." पण चूक सापडल्याशिवाय आमच्या घरात कुणाला घास उतरत नाही. ती आत्यानं शोधून काढली. कंदुरीचं मटण तिथंच संपवायचं असतं, घरी आणायचं नसतं. आणि काकांनी डबा भरून आणला होता. झालं! काका आणि आत्या एकमेकांशी बोलेनासे झाले, ते आजतागायत. बिघाड माझ्या मेंदूत आणि भांडण डब्यावरून. माझी खोली सोडून दिली, बापानं मला गावी आणलं. तेव्हा चीड आली होती, ती सात वर्षं झाली तरी गेलेली नाही.

सध्या पुन्हा नवी गोळी चालू आहे. फिट कमी झाल्यात, बंद नाहीत. परवा मायनं बाजारातून बोकडाचं पिल्लू आणून दारात बांधलं.

"बंद झाल्या की कंदुरी करू. मग जा लातूरला," ती म्हणाली. "या बारीला डबा न्हाई, काय न्हाई."

"बंद व्हायची वाट नको बघू, माय. आत्ताच जाऊ दे."

"अन् एकटीच पडलीस म्हंजे?"

"पडले तर उठेन. इथं तरी पडायची थांबले का?"

ती उठून पाला घेऊन आली. मग पिल्लापुढं पाला टाकत म्हणाली, "बोकड मोठं तर होऊ दे आधी."

मी अठ्ठावीस वर्षांची आहे.