भाकड गाईची पावडर

पुनमला लहानपणापासून जनावरांचं वेड. बोदवडला आमच्या घरामागे एक शेळी असायची, तिच्या खुरांना तेल लावायला ही शाळेतून पळत यायची. बारावीनंतर तिला पशुसंवर्धनाची पदविका करायची होती. आम्ही तिचं लग्न करून दिलं. शिंदखेडा तालुक्यातलं घर, विहिरीला पाणी, तीन गाई. समाधान, आमचा जावई, साधा आणि सरळ माणूस. लग्न ठरतानाच तो म्हणाला होता, "शिकू दे की. गोठा आपलाच आहे."

मैना ही गाय पुनमने माहेरीच वासरापासून वाढवली आणि लग्नानंतर सोबत नेली. वासराची आई मेली, तेव्हा बाटलीने दूध पाजून जगवली. सासरी मैना पुन्हा गाभण राहिली तेव्हा समाधानने शब्द दिला, "हिचं दूध तुझ्या कॉलेजला." तेव्हापासून पुनमचे दिवस मैनेच्या पोटावरून मोजले जाऊ लागले.

त्यांच्याकडे गाईंना सकाळी उभ्या लसूणघासात चरायला सोडतात आणि संध्याकाळी तोच घास कापून गव्हाणीत टाकतात. हिरवागार चारा, गाई चकचकीत. त्यामुळे दूध डेअरीतून आणलेली क्षारांची पावडर त्या घरात एका नियमाने खर्च होते: दुधात असेल तिलाच. गाय आटून भाकड झाली की तिची पावडर बंद. गावात बहुतेकांचं असंच चालतं.

मैना आटली आणि तिची पावडर थांबली. महिन्याभरात ती गोठ्याची भिंत चाटू लागली. वाळत घातलेलं फडकं तिने चघळून टाकलं. एकदा उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून उभी होती. पुनमने ओळखलं, हिला क्षार कमी पडताहेत. भाकरीच्या तुकड्यात पावडर दाबून ती गुपचूप मैनेला चारू लागली. चारच दिवसांत गव्हाणीच्या कडेला पांढरं सांडलेलं ताईबाईंना, तिच्या सासूबाईंना, दिसलं.

"हिरवं खास, तिले पावडर कसाले?"

"आत्याबाई, पोटात वासरू आहे. आत्ताच जास्त लागते."

"दूध नई, तं पावडर नई. बठ्ठं तुलेच समजस का?" मग कुंपणापलीकडच्या कमलबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, "आमनी सून गाईनं डोहाळजेवण करस व माय!"

कमलबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दुपारपर्यंत गल्लीत तेच झालं. "काय पुनम, मैनेला हिरवी साडी कधी?" पावडरीचा डबा ताईबाईंच्या खाटेखाली गेला.

तिने मला फोन केला. "आई, तू त्यांच्याशी बोल ना. तुझं ऐकतील. तू शिकलेली आहेस."

मी जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. हाडात काय असतं आणि गाय हाड का शोधते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. मी म्हणाले, "अर्ध्या मुठीवरून घरात वाद नको गं. व्याल्यावर सुरू कर."

ती म्हणाली, "बरं."

मैना व्याली. कालवड झाली आणि दूध भरभरून आलं. ताईबाईंनी स्वतः डबा बाहेर काढला. नियमाप्रमाणे आता मैनेचा हक्क होता. पण दिलेल्याहून जास्त क्षार दुधातून जात होते आणि अंगात साठवलेलं काही उरलं नव्हतं. सतराव्या दिवशी गाईचं मूत गडद कॉफीसारखं झालं. ताईबाईंनी मीठ-मिरची ओवाळली. "कोनी तरी नजर लाई." त्यात एक दिवस गेला. डॉक्टर आले, शिरेतून औषध दिलं, डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आत कागदासारखं पांढरं.

"लसूणघासात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस कमी. तो संपला की रक्तपेशी फुटतात," डॉक्टर म्हणाले. "भाकड असताना पावडर बंद केली होती का?"

ताईबाई गव्हाणीतला घास सारखा करू लागल्या. पुनम मैनेची मान खाजवत राहिली. तिसऱ्या दिवशी मैना गेली. समाधानने खड्डा खणला आणि कॉलेजचा विषय पुन्हा काढला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा ताईबाई ओट्यावर बसून कमलबाईंना सांगत होत्या, "भाकडलेबी पावडर द्या माय. गाभण गायले तं जास्तीच लागस." आता गल्लीतल्या बाया त्यांना विचारायला येतात. गोठ्यात पुनम दुसऱ्या गाईच्या आंबोणात पावडर मिसळत होती, मापाने. कालवड तिचा पदर चोखत होती. माझ्याकडे पाहून ती हसली. पाहुण्यांकडे पाहून हसतात, तशी.

पदविकेच्या अर्जाची शेवटची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. त्या दिवशी सकाळीच फोन केला.

"पुनम, अर्ज भरलास का? मी भरते पैसे. समाधानशी मी बोलते, ताईबाईंशी बोलते."

"नको आई," ती म्हणाली. मागे बादलीचा आवाज येत होता. "घरात वाद नको."