कमलेशच्या दगडाखाली

तुळसाबाय भांडखोर, हे मानपाड्याच्या त्या आळीत कुणालाही विचारा. जागा बघायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला तिनं विळा दाखवून पळवलेलं. पण त्या रविवारी घात तिच्या घरातच झाला.

तिचा कमलेश फौजेत होता. दोन वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली गेला. मयत काही मिळालं नाही. अशा जवानाचा दगड शिवेवर बसवायची त्या आळीची जुनी रीत. आईनं दगडाला हळद-तेल लावून आंघोळ घालायची आणि खाली खड्ड्यात त्याचा अंगावरचा, न धुतलेला कपडा ठेवायचा. घामाचा वास नसला तर त्याला आपली जागा सापडत नाही, तो भटकत राहतो म्हणे. तुळसाबायचा यावर ठार विश्वास. म्हणून तर शेवटच्या सुट्टीत त्यानं काढून टाकलेला शर्ट तिनं पेटीत जिवापाड जपलेला.

आणि तो शर्ट कल्पितानं, म्हणजे तिच्या सुनेनं, दगड बसवायच्या आदल्या दिवशी धुतला हो! डोंबिवलीत फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, तिला कुठली रीत ठाऊक? चार माणसांत नवऱ्याचा कपडा नीट दिसावा म्हणून तिनं कडक इस्त्रीसुद्धा केली. तुळसाबायनं शर्ट नाकाला लावला. नुसता साबणाचा वास.

"काय केलंस गो हे? माझा पोर पुसून टाकलास!" ती ओरडली.

कल्पिता रडतच आत गेली आणि उशीच्या खोळीतून एक बनियन घेऊन आली. "आई, हे नाही धुतलेलं. याच्याशिवाय मला झोप लागत नाही. पण घ्या तुम्ही."

तुळसाबायनं ते तोंडावर दाबलं. होता! तिचा कमलेश होता त्यात. बाहेरून आळीतला म्हातारा पोपटबाबा ओरडला, "तुळसे, आटप गो, खड्डा तयार हाय!"

सव्वीस वर्षांची पोर, अख्खा जन्म काढायचाय तिला. तुळसाबायनं बनियन परत तिच्या हातात कोंबलं आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन शिवेवर गेली.

"अंगावरचा हाय ना?" पोपटबाबानं विचारलं.

जन्मात तिनं रीत मोडली नव्हती. "हाय. बसव धोंडा."

दगड बसला, नारळ फुटला, माणसं जेवायला गेली. तुळसाबाय मात्र तिथंच बसून राहिली. कुणी नाही असं बघून तिनं दगडाला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "कमलेश, इथं तुझं काय नाय रे! इथं नको थांबू. घरी ये, बाबा. बायकोच्या उशीत हाय तुझा वास."