सासूबाईंचं इंग्रजीतलं मरण

आमच्या सासूबाई इंग्रजीत वारल्या. मराठीत त्या पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत होत्या.

मारणारे आमचे हे! सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजीतच कविता करायचे. त्याही साहेबांवर नाही. कापसावर, संत्र्यांवर, आमच्या गळक्या न्हाणीवर! यमक नाही, चाल नाही, ओळ मध्येच तुटलेली. (माझं शिक्षण चौथी. पण तुटलेलं काय नि धड काय, एवढं कळतं.)

गल्लीत पहिला टीव्ही आला त्या वर्षी एका मासिकानं यांची कविता छापली. यांनी नातेवाइकांना अंक वाटले. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त रामाकोना गावच्या मावससासूंचा जावई बी.ए. झालेला. त्यानं वाचली!

हे शाळेत गेले होते. मी दारात झाडत होते, तोच कोपऱ्यावरून हंबरडा आला. "बाई वंऽऽ! मले न सांगता गेली वंऽऽ!" मावससासू, मागे जावई, त्याच्या डोक्यावर भाकरीचं टोपलं. (मयताच्या घरी चूल पेटत नाही ना!)

पाहुणे दिसले की माझा पदर तोंडावर जातो. गेला!

"रडू नको पोरी!" म्हणत मावससासू माझ्या गळ्यात पडल्या. कोण गेलं, हे रडत्या माणसाला कसं विचारायचं? लाजेपायी मीही रडले.

गलका ऐकून सासूबाई मागच्या अंगणातून धावल्या. आमच्याकडे आधी गळ्यात पडायचं, चौकशी मग. दोघी बहिणी पोटभर रडल्या. मग सासूबाईंनी नाक पुसलं.

"कोण गेलं वं?"

"काय सांगू बाई, तूच गेली नं!"

एवढं बोलून मावससासूंनी वर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की टोपलं खाली आलं!

जावयानं मासिक काढलं. "हे पाहा, छापून आलं. 'आईला जाळून आलो. घरात तिचा चष्मा उरला.'"

"मले चष्मा कुठी हाय रे?" सासूबाई कडाडल्या.

"जिती हाय, बरं झालं," मावससासू फणकारल्या, "पण आमाले इंग्रजीत काहून कळवून राहिले?"

सासूबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. "पोराले मी जड झाली. चालली रामाकोन्याले."

त्या गेल्या तर दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी भांडणार कोण? मी?

तेवढ्यात हे आले. "आई, ती कवितेतली आई. आधुनिक कवितेत दुःख लागतं!"

"मंग बायकोले मार! मायले काहून मारतं? तिले मारशीन, तरच राहतो येथी!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराआडून जोरजोरात मान डोलावली. मारा, पण त्यांना थांबवा!

पुढच्या अंकात मी वारले. पांढुर्ण्याला माझ्या माहेरी अंक पोचला, भावानं तो मास्तरांकडून वाचून घेतला, असंही कळलं. मी सडा घातला, ठेवणीतलं लुगडं नेसले, चूलसुद्धा पेटवली नाही. दारात बसले. कुणी येईना!

"तू जिती असतानी बी आवाज येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "गेली तर कोणाले समजन?"

दिवस कलला. भाकरीचं टोपलं काही दिसेना. शेवटी उठले आणि माझ्या मयताच्या भाकरी मीच भाजल्या!