तिसरा पुडा

कुणी घरी लाडू आणले की ताई आधी त्यांचे तीन वाटे करायच्या. एक स्वतःला, एक आणणाऱ्याच्या हातात परत आणि तिसरा पिशवीत घालून, वर नाव लिहून, फ्रीजरमध्ये. "असू दे. उद्या तुझं-माझं भांडण झालं तर तिसरा खरं बोलेल." बेसनाच्या लाडवावरून कसलं भांडण होणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

ही खोड त्यांनी नागपूरहून आणली होती. तिथे त्या भेसळ तपासायच्या, आणि नमुन्याचे सीलबंद वाटे व्हायचे: एक तपासायला, एक दुकानदाराला, एक राखीव. इथे कॅनडात, एडमंटनच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी होती. तिथे असले वाटे कुणी मागत नव्हतं, तरी ताई ते करून आपल्या टेबलाखालच्या छोट्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. सुपरवायझरने हटकलं तर ताई म्हणायच्या, "व्हॉट इज युअर प्रॉब्लेम? माय फ्रीजर!" तो बिचारा हसून निघून जायचा.

एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाचा शिधा आमच्यातल्याच एका दुकानदाराने दिला. ताईंना तो धाकट्या भावासारखा. कॅनडातला पहिला हिवाळा त्यांनी त्याच्याच बेसमेंटमध्ये काढला होता. जेवणाच्या काही दिवस आधी हॉलच्या किचनमध्ये ताईंनी त्याची हळद चिमटीत घेऊन पाहिली. जरा जास्तच पिवळी होती. त्याच्यासमोरच त्यांनी तीन पुडे बांधले, सील केले आणि एक त्याच्या हातात दिला. आमच्या लॅबला दिलेल्या पुड्यात शिसं निघालं. रंग खुलावा म्हणून शिशाचा पिवळा रंग हळदीत घालतात, आणि तो लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतो.

तो सगळ्यांसमोर भडकला. "ताई, आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देता? तुमच्या लॅबमध्येच कॉन्टॅमिनेट झालं असेल!"

"झालं असेलही," ताई म्हणाल्या. "तुझा पुडा आहे ना? तुला पटेल त्या लॅबला पाठव. मी चुकले असेन तर इथेच, सगळ्यांसमोर माफी मागते."

त्याने तो रेजिना शहरातल्या एका लॅबला पाठवला. तिथेही शिसंच निघालं. तिसऱ्या पुड्याला तोंड उघडावंच लागलं नाही.

त्याने दुकानातली सगळी हळद काढून टाकली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. जयंतीला आम्ही बिनहळदीचं वरण जेवलो. मुलं विचारत होती, "इज द दाल सिक?" आणि ताई हसत हसत त्यांना आणखी वाढत होत्या. तो मात्र जेवायला आला नाही. पुढे त्याने ताईंशी बोलणंच टाकलं. ते त्यांना फार लागलं. कबूल करायच्या नाहीत, पण त्याच्या दुकानासमोर आलं की त्यांची गाडी आपोआप हळू व्हायची.

पुढच्या हिवाळ्यात ताई हार्ट अटॅकने गेल्या. मला अजून त्यांचा राग येतो, इतक्या घाईने गेल्याचा.

एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी, तो माझ्या दारात उभा राहिला. बुटांना बर्फ तसाच. जॅकेटच्या खिशातून त्याने हळदीचे तीन सीलबंद पुडे काढले.

"हा तुमच्या लॅबला. हा माझ्याकडे."

तिसऱ्यावर त्याने ताईंचं नाव लिहून आणलं होतं.

"हा कुठे ठेवायचा गं?" एवढं विचारलं आणि तो दारातच रडायला लागला.

त्याच्या हातातून पुडा घेतला आणि मी फ्रीजर उघडला.