धनुष्यकाकूंचा शेवटचा शुक्रवार

मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या इमारतीत धनुष्यकाकू चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरत, कारण त्यांचं धनुष्य लिफ्टमध्ये मावत नसे. काकू पाच फुटांच्या आत, धनुष्य सात फुटांच्या वर. गाडीतही पुढच्या सीटवर मान त्याचाच. काका मागे, मांडीवर डबा घेऊन. धनुष्य घोरत नाही, एवढा त्याचा वरचढपणा काका मान्य करत.

काका जपानात नोकरीला असताना काकू तिथली धनुर्विद्या, क्यूदो, शिकल्या. धनुष्याच्या निमित्ताने केलेलं ध्यानच ते. मस्कतला आल्यावर त्यांनी एका अर्बाबाकडून, म्हणजे ओमानी मालकाकडून, शहराबाहेरच्या बरका गावातली खजुराची बाग शुक्रवार सकाळपुरती मिळवली आणि शिकवू लागल्या. माझं तोंड निदान तासभर बंद राहावं म्हणून बायकोने मला तिथे धाडलं.

काकू नवशिक्याला लक्ष्यासमोर उभं करत नसत. अगदी पुढ्यात गवताचा भारा, बाण मारायचा तो त्यातच. असे महिने गेले. मी कुरकुरलो, की काकू, इतक्या जवळून मी थुंकलो तरी लागेल.

"मग थुंकताना पाठ ताठ ठेव."

एकदा अर्बाबाच्या शेळ्यांनी तो भाराच फस्त केला. मला वाटलं, आता तरी लक्ष्य मिळेल. काकूंनी नवा भारा मागवला.

मग काकांची नोकरी संपली, नाशिकची तिकिटं निघाली, आणि माझा धीर सुटला. काकू गेल्या तर मी जन्मभर गवतच मारत बसणार. पण शेवटच्या शुक्रवारी त्यांनी बागेच्या पार टोकाला, मातीच्या बांधावर लावलेलं लक्ष्य दाखवलं आणि माझ्या हातात दोन बाण ठेवले.

पहिला मधेच वाळूत घुसला. वारा, घाम, चष्मा अशी कारणं मी लगेच सुरू केली.

"बाण गेला," काकू म्हणाल्या. "तू अजून इथेच आहेस ना? मग नीट उभा राहा."

दुसरा सुटला. हात पसरलेले मी तसेच ठेवले. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, समोरचं सगळं पुसट झालं, तरी हललो नाही. इतका गप्प मी स्वतःच्या लग्नातही उभा नव्हतो. काकूंनी जपानी रीतीने कमरेत वाकून नमस्कार केला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

"काकू, लागला का?"

"मला काय माहीत? मी तुझ्याकडे बघत होते."

बाण आणायला त्या स्वतःच गेल्या. दोन्ही घेऊन आल्या, पण दुसरा कुठून उपटला ते काही बोलल्या नाहीत. आता नाशिकला फोन लावला की मी आधी तेच विचारतो. काकू पोटभर हसतात आणि विचारतात, या शुक्रवारी गेला होतास का? मी हो म्हणतो, आणि ते दर वेळी खरं असतं.